वाचकांचे प्रश्न: सेकंड गिअर खरखरतोय, गिअरबॉक्स खोलू का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी अंबाजोगाईचा. दिवाळीच्या आधी कार बाजारातून एक छोटी पेट्रोल गाडी घेतली, २०११ चं मॉडेल, मीटरवर ८७ हजार दाखवतंय. घेताना गावातल्या गावात चक्कर मारली तेव्हा काही जाणवलं नाही. आता सेकंड गिअर टाकताना खर्रर्र आवाज यायलाय, थर्डवरून सेकंडला येताना तर हमखास. आणि परवा मांजरसुंब्याचा घाट उतरताना थर्ड गिअर आपोआप सुटून गाडी न्यूट्रल झाली, लेकरं मागं बसलेली, काळजाचं पाणी झालं. एक मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागतो, दुसरा म्हणतो भंगारातला बॉक्स आणून बसवून देतो, तिसरा म्हणतो जाड ऑइल टाका, काही होत नाही. गाडीच दीड लाखाची, तिच्यात घालायचे तरी किती?

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी एक काम करा, हा गिअर का सुटतोय ते कळेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नका. उतारावर गिअर सुटला की इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की धरत नाहीत, त्यात पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन निघालेला असला तर विचारूच नका. लेकरं गाडीत असताना ही जोखीम अजिबात घ्यायची नाही.

आता तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत, मिस्त्री त्या एकत्र करून एकच मोठं काम सांगतात. सेकंडचा खरखराट ही एक आणि थर्ड सुटणं ही दुसरी. दोन्हीचं मूळ बॉक्सच्या आत असू शकतं, पण दोन्हीचं मूळ बाहेरही असू शकतं, आणि बाहेरचं काम काही शे रुपयांत होतं. म्हणून बॉक्सला हात लावायच्या आधी बाहेरचं सगळं बघून घ्या, स्वतः बघा, फार अवघड नाही.

गाडी सपाट जागेवर हँडब्रेक लावून उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवरच गिअर अडकत असतील तर गिअरची केबल किंवा लिंकेज बघायचं, त्याचे बुश झिजतात, केबलचं सेटिंग हलतं. बंद इंजिनवर लोण्यासारखे पडतात आणि चालू केलं की जड जातात, तर संशय क्लचवर घ्या. त्याची खात्री करायची तर इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअरचा वेग जुळवणारी रिंग, नसतो, त्यामुळं क्लच पूर्ण सुटत नसेल तर रिव्हर्स लगेच खरखरून सांगतो. तसं झालं तर क्लच केबल तपासा, ताणली असेल, आतल्या तारा तुटायला लागल्या असतील, नाहीतर पेडलचं सेटिंग गेलं असेल. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबानं चालणारा क्लच असेल तर ते ऑइल कमी झालंय का, क्लचचा सिलिंडर गळतोय का ते बघा. गिअरबॉक्स गेला म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं इथंच निघतं आणि लोक उगाच घाबरलेले असतात.

क्लच ठीक निघाला आणि फक्त सेकंडच खरखरतोय, तर मात्र सिंक्रोनायझर रिंग झिजली असं धरून चाला. बॉक्समध्ये गिअर कायम एकमेकांत अडकूनच फिरत असतात, आपण दांडा ओढतो तेव्हा एक बाही सरकून गिअरच्या दातांना जाऊन बसते. त्या दोघांचा वेग सारखा व्हावा म्हणून मधी पितळी रिंग असते, ती गिअरच्या उतरत्या तोंडावर घासते आणि वेग जुळवते. रिंग झिजली की वेग जुळायच्या आधीच दात दातावर आपटतात, तोच तुमचा खर्रर्र. सेकंडचीच आधी का जाते, तर गावात गर्दीत, स्पीड ब्रेकरवर, वळणावर दिवसभर सगळ्यात जास्त ये-जा तिच्यावरच, आणि थर्डवरून सेकंडला येताना वेगाचा फरकही मोठा असतो.

याची एक चाचणी आहे. थर्डवरून सेकंडला येताना डबल क्लच मारा. म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलका टच द्या, परत क्लच दाबून सेकंड. असं केल्यावर गिअर आवाज न करता पडला तर रिंगच झिजलीय, त्यात शंका ठेवू नका. सिंक्रोनायझर गाड्यांत पहिल्यांदा आणला कॅडिलॅकनं, १९२८ साली, त्याच्या आधी प्रत्येक ड्रायव्हरला डबल क्लच मारावाच लागायचा. आपल्याकडं जुने ट्रक चालवलेली माणसं अजून सवयीनं मारतात, गावात असं कुणी असेल तर त्याच्या शेजारी बसून शिकून घ्या. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवायची पद्धतही हीच, रिंगवर लोडच येत नाही.

थर्ड सुटतो त्याचं वेगळं. आधी इंजिनचं माउंटिंग बघा. सरळ मोकळ्या रस्त्यावर थर्डमध्ये ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडा आणि गिअरच्या दांड्याकडं शेजारच्याला बघायला सांगा, दांडा मागंपुढं डुलत असेल तर माउंटिंगचं रबर गेलंय, इंजिन हलतंय आणि तेच गिअर बाहेर ओढतंय. दांडा पूर्ण आत बसतोय का तेही बघा, कधी केबल आखूड सेट झालेली असते, कधी दांड्याखालचं जाड रबर किंवा मॅटच आडवं येतं. हे सगळं नीट असेल तर मग आत दातांच्या कडा गोल झाल्यात, बाही सरकवणारा फोर्क झिजलाय, लॉकची स्प्रिंग ढिली झालीय किंवा बेअरिंगमध्ये प्ले म्हणजे ढिलेपणा आलाय, आणि त्याला बॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. आणि कळकळीनं सांगतो, सुटतोय म्हणून दांडा हातानं दाबून धरून गाडी चालवू नका, त्यानं फोर्क बाहीवर घासत राहतो आणि दुखणं वाढतं. नुसता हात दांड्यावर ठेवायची सवय असेल तर तीही सोडा.

ऑइलचं बोलू. जाड ऑइल टाकून आवाज दबतो, हे खरं आहे, पण दबतो म्हणजे बरा होत नाही, आणि विकायच्या आधी असं ऑइल टाकून गाडी गुपचूप करणारे लोक असतात, तुमच्या गाडीत तेच झालेलं असू शकतं. म्हणून आहे ते ऑइल काढून बघाच. आधी भरायचा बोल्ट खोला, तो खुलला तरच खालचा ड्रेन बोल्ट खोला, कारण वरचा जाम असला आणि ऑइल सगळं सांडलं तर भरणार कुठून? निघालेलं थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या, उन्हात धरा आणि दोन बोटांत चोळा. सोनेरी चमचम दिसली तर ती पितळी रिंगची झीज. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काळपट राखाडी चिखल असतो, तो एवढ्या जुन्या गाडीत चालतो, पण नखाएवढा पोलादी तुकडा निघाला तर गाडी तिथंच उभी करा. ऑइल कमी निघालं तर एक्सलचे सील गळतायत का ते बघा, कोरडा चाललेला बॉक्स लवकर मरतो.

नवीन भरताना गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच भरा, अशा गाड्यांना साधारण ७५डब्ल्यू-९० (हा ऑइलच्या जाडीचा नंबर) किंवा त्याच्या आसपासचं जीएल-४ दर्जाचं ऑइल लागतं. गॅरेजात ट्रॅक्टरसाठी आणलेला नव्वद नंबरचा डबा असतो आणि तोच ओतायची घाई असते, तो नको. जीएल-५ आकडा मोठा म्हणून भारी असंही समजू नका, त्यातल्या गंधकाच्या रसायनांनी पितळ खराब होऊ शकतं आणि आपली रिंग नेमकी पितळेचीच. लेव्हल भरायच्या बोल्टच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत, गाडी सपाट उभी असताना.

आता पैशाचं. २०११ ची गाडी म्हणजे २०२६ मध्ये तिला पंधरा वर्षं होतायत, आरसी रिन्यू करायची तर पासिंग आणि ग्रीन टॅक्स आलाच, तो खर्च आत्ताच हिशोबात धरा. बॉडी, इंजिन, सस्पेन्शन चांगलं असेल आणि अजून चार-पाच वर्षं वापरायची असेल तर बॉक्स खोलून रिंग, बेअरिंग, सील बदलणं मला पटतं. मिस्त्री मात्र बॉक्स खोलायचा अनुभव असलेला हवा, नुसता क्लच बदलणारा नको, आणि उतरवायची-चढवायची मजुरी वेगळी ठरवून जुने पार्ट परत मागा. एकदा बॉक्स खाली आला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर ज्याच्यावर दाब येतो ते) झिजलेलं असेल तर तेही त्याच वेळी टाका, सहा महिन्यांनी तीच मजुरी परत द्यायची वेळ येऊ नये. दातच गेलेले असतील, म्हणजे गिअरच बदलायचा असेल, तर खर्च झपाट्यानं वाढतो, तेव्हा जुन्या बॉक्सचा विचार करायला हरकत नाही.

भंगारातला घ्यायचा तर तो बसवायच्या आधी हातानं तपासा. शाफ्ट फिरवून एकेक गिअर टाकून बघा, शाफ्टला वरखाली प्ले आहे का बघा, त्याचंही ऑइल कागदावर घ्या. मॉडेल आणि इंजिन तेच हवं, बाहेरून सारखे दिसणारे बॉक्स आतून वेगळ्या रेशोचे असतात. आरसीवर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळं आरटीओची भानगड नाही, पण बिल घ्याच, चोरीच्या गाडीचा माल आपल्या गाडीखाली नको. आणि बदलून द्यायची बोली लेखी घ्या, तोंडी बोलीला कोण विचारतो.

प्रश्न : परभणीहून लिहितोय. थंडीत सकाळी गाडी काढली की पहिली काही मिनिटं फर्स्ट-सेकंड जड पडतात, नंतर एकदम ठीक. काही बिघडलंय का?

उत्तर : परभणीची थंडी म्हणजे गार ऑइल घट्ट होणारच, रिंगला ते बाजूला सारायला वेळ लागतो. गरम झाल्यावर सगळं ठीक असेल तर घाबरू नका, पहिले एक-दोन किलोमीटर गिअर सावकाश टाका, ओढाताण करू नका. ऑइल कधी बदललं आठवत नसेल तर बदलून घ्या, आणि कुणी आधी जाड भरलंय का तेही कळेल. गरम झाल्यावरही जड राहायला लागला तर वरचं उत्तर बघा.

प्रश्न : दादा, मी जालन्याची, नुकतीच गाडी शिकले. क्लच दाबला की समोरून चर्रर्र असा आवाज येतो, सोडला की बंद. मिस्त्री म्हणाला गिअरबॉक्स गेला.

उत्तर : ताई, असा आवाज बहुतेक वेळा रिलीज बेअरिंगचा असतो. बॉक्सचं बेअरिंग गेलं की उलटं होतं, न्यूट्रलला क्लच सोडलेला असताना गुरगुर येते आणि दाबला की थांबते. हा फरक मिस्त्रीला स्वतः करून दाखवा आणि मगच काम ठरवा. रिलीज बेअरिंग बदलायला बॉक्स खाली घ्यावा लागतो हे खरं, पण तो खोलावा लागत नाही, आणि बिलात या दोन्हींचा फरक मोठा असतो. आवाज बारीक आहे तोवर थोडे दिवस चालेल, वाढला की टाळू नका, बेअरिंग फुटलं तर गाडी रस्त्यात अडकते. आणि शिकताना क्लचवर कायम पाय ठेवायची सवय लागलेली असेल तर ती आत्ताच मोडा, त्या बेअरिंगचं आयुष्य त्यानंच कमी होतं. सिग्नलला थांबलात की न्यूट्रल करा आणि पाय क्लचवरून पूर्ण काढून घ्या.