एस्पेरांतोत क्रियाविशेषण करायला नुसता 'ए' पुरतो का?

प्रश्न असा आहे की एस्पेरांतोत, म्हणजे मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, विशेषणाचा शेवटचा 'आ' काढून 'ए' लावला की क्रियाविशेषण झालं, एवढंच का? नियम बघितला तर हो, भाषेचा निर्माता झामेनहोफ याने १८८७ मधे ती जाहीर केली तेव्हाच्या सोळा नियमांतला हा सातवा. रापिदा म्हणजे वेगवान, रापिदे म्हणजे वेगाने. बोना चांगला, बोने चांगलं. आपण 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' असं लिंगाप्रमाणे बदलतो, तिथे कोणीही गावो, बोनेच.

पण हा 'ए' फक्त विशेषणालाच लागतो असं समजू नका, भाषेचं खरं सौंदर्य पुढेच आहे. नामाला लावा: नोक्तो म्हणजे रात्र, नोक्ते म्हणजे रात्री. हेइमो घर, हेइमे घरी. आता इथे मराठी माणूस हमखास अडकतो, कारण आपलं 'घरी' दोन्हीकडे चालतं, घरी आहे आणि घरी चाललो, पण तिथे जायचं असेल तर 'न' जोडून हेइमेन म्हणावंच लागतं.

क्रियापदाचं तर मला फारच आवडतं. मांजी म्हणजे जेवणे, त्यावरून मांजांते जेवताना, मांजिंते जेवून, मांजोंते जेवायच्या बेतात असताना. 'मांजिंते ली फोरीरिस', जेवून तो निघून गेला. जेवणारा आणि जाणारा एकच पाहिजे ही अट पण आपल्या 'ऊन'सारखीच, त्यामुळे युरोपातल्या भाषांतून समजून घेण्यापेक्षा सरळ मराठीतून विचार करा, पटकन बसतं.

अजून एक, वाक्यात कर्ता नसेल तर विशेषण चालत नाही. 'उकडतंय' साठी एस्तास वार्मे, वार्मा नाही. बरं झालं तू आलास, इथेही बोने.

आणि सगळ्याच क्रियाविशेषणांना 'ए' नसतो हे लक्षात ठेवा: होदिआउ आज, हिएराउ काल, मोरगाउ उद्या, नुन आत्ता, त्रे खूप (यातला 'ए' मूळ शब्दातलाच, जोडलेला नाही), ही आहेत तशीच पाठ करायची. उलट किए कुठे, तिए तिथे यांच्या शेवटी 'ए' दिसतो खरा, पण तो वेगळा, जागा दाखवणारा. 'कसं' विचारायचं तर किएल आणि 'तसं' साठी तिएल.