पिस्तुलाच्या दोन स्प्रिंगा घरात हरवल्या, आता लायसनचं काय?

प्रश्न : माझ्याकडे स्वसंरक्षणासाठी घेतलेलं .३२ बोअरचं पिस्तूल आहे. ट्रिगर फार जड लागतो म्हणून व्हिडिओ पाहून घरीच आतला संच उघडला. पिन ठोकून काढताना दोन बारीक स्प्रिंगा आणि ती पिन उडाली. पिन मिळाली, स्प्रिंगा नाहीत. सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत हॅमर, म्हणजे गोळी पेटवणारा घोडा, अडवून धरणारा खटका) घासायचा विचार होता, पण त्याला अजून हात लावलेला नाही. पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे, वेपन दाखवावं लागेल. गावातला लेथवाला स्प्रिंग करून देतो म्हणतो, मित्राकडे त्याच मेकचं जुनं पिस्तूल आहे, परदेशी साइटवर पूर्ण संच मिळतो. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सिअरला कानस लागलेली नाही, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. ते तसंच राहू द्या. कारण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये परवान्याशिवाय बंदूक-पिस्तूल बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, तपासणं हे सगळं एकाच ओळीत बसवलंय, आणि 'स्वतःचं असेल तर चालेल' अशी सवलत त्या ओळीत नाही. तुमचं लायसन वेपन बाळगण्याचं आहे, दुरुस्तीचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान ७ वर्षं आहे, कमाल जन्मठेप. मॅन्युअलप्रमाणे स्लाईड (वरचा सरकणारा भाग) आणि बॅरल (नळी) उतरवून साफसफाई करणं म्हणजे दुरुस्ती, असं कुणी म्हणणार नाही. ट्रिगरचा संच खोलणं मात्र त्या रेषेच्या फार जवळचं काम. तुम्ही खोललंत आणि थांबलात. आता उरलेलं काम लायसनवाल्या माणसाच्या हातूनच व्हायला हवं.

तुम्ही सुचवलेल्या तिन्ही वाटा बंद आहेत. कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दात त्याचे सुटे भागही येतात. त्यामुळे लेथवाल्याने स्प्रिंग वळून दिली, तर सरकारी पक्ष त्याला परवान्याविना निर्मिती म्हणू शकतो, आणि तुमच्याबरोबर तोही बिचारा आरोपी होतो. मित्राने आपल्या पिस्तुलातली स्प्रिंग काढून दिली तर त्याचं वेपन अपुरं, तुमच्यात परका भाग, आणि दोघांच्याही लायसनवर याची नोंद नाही. परदेशी साइटचा विचार तर मनातूनच काढा : परवान्याविना शस्त्राचा भाग देशात आणणं कलम १० खाली येतं, आणि कस्टम्सने पार्सल उघडलं की पत्ता तुमचाच असतो.

इथे कुणीतरी तुम्हाला कलम ४५(डी) दाखवेल. किरकोळ भाग जवळ बाळगण्याला हा कायदा लागू नाही, असं त्यात म्हटलंय खरं. पण वाक्य तिथे संपत नाही. ते भाग स्वतःजवळच्या किंवा दुसऱ्या कुणाजवळच्या पूरक भागांसोबत वापरायचे नसतील, तरच ही सूट आहे. तुम्हाला स्प्रिंग हवी आहे ती पिस्तुलात बसवायलाच. म्हणजे ही सूट तुमच्या उपयोगाची नाही.

हरवल्याचं पोलिसांना कळवायचं का? लायसनमागे छापलेल्या अटी वाचा. शस्त्र किंवा दारूगोळा हरवला तर ताबडतोब जवळच्या ठाण्यात कळवण्याची अट त्यात असते. फ्रेम, स्लाईड, बॅरल असा नंबर असलेला भाग गेला असता तर मी तुम्हाला त्याच दिवशी ठाण्यात पाठवलं असतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या स्प्रिंगेला 'शस्त्र हरवलं' म्हणणं ताणून होईल. माझा सल्ला : आधी पिस्तूल डीलरकडे, म्हणजे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, जमा करून पावती घ्या, मग स्थानिक वकिलाला पत्राचा मसुदा दाखवून साध्या चार ओळींत कळवा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पत्रात खोटं काही लिहू नका. 'आपोआप बिघडलं' वगैरे तर मुळीच नको. पण ट्रिगर हलका करण्याच्या बेताची हकिगत वकिलाशी बोलल्याशिवाय कुठेही लेखी देऊ नका.

पिस्तूल डीलरकडे देण्याआधी स्प्रिंगा एकदा नीट शोधा. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामा, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. पंखा बंद करा, झाडू अजिबात मारू नका. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीवर आडवा धरा, म्हणजे बारीक वस्तूचीही लांब सावली पडते. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फरशीवरून, पलंगाखालून, सतरंजीवरून फिरवा. व्हॅक्यूम वापरायचा तर नळीच्या तोंडावर जुना पायमोजा ताणून बांधा. दाबलेली स्प्रिंग पिन निघताच बाणासारखी सुटते. समोरची भिंत, कपाटाची फट, शर्टाचा खिसा, पँटची घडी आधी बघा. सापडली तरी बसवू नका. दाबून वाकलेली स्प्रिंग दिसायला चांगली आणि कामाला दगाबाज असते. ती पाकिटात घालून संचाबरोबरच द्या.

स्प्रिंगेशिवाय जोडून 'फक्त दाखवायला' नेण्याचा मोह टाळा. सिअर किंवा डिसकनेक्टरची (एका दाबात एकच गोळी सुटू देणाऱ्या भागाची) स्प्रिंग नसेल तर स्लाईड पुढे येताच हॅमर सुटू शकतो, एका दाबात एकाहून जास्त गोळ्या जाऊ शकतात. ट्रिगर दाबून ठेवला की गोळ्या सुटतच राहतील, अशा रचनेचं वेपन कलम २ नुसार 'प्रतिबंधित शस्त्र' ठरतं. ते बाळगल्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं. बिघाडाने झालेलं आणि मुद्दाम केलेलं यातला फरक कोर्टात सिद्ध करता येतो. शस्त्र जाणीवपूर्वक ताब्यात असावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) मध्ये सांगितलंय. पण बिघाड माहीत असूनही घरात ठेवलंत, तर हा आधार तुमच्या हातून जातो. कुणाला लागलं, तर निष्काळजी वापराचं कलम २५(९) आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहेच. मृत्यू झाला तर कलम १०६, ५ वर्षांपर्यंत.

आता डीलर. प्रत्येक शस्त्रविक्रेत्याकडे दुरुस्तीची परवानगी असतेच असं नाही. त्याचा परवाना बघायला मागा, लाजू नका. स्वतः नेणं उत्तम. जमत नसेल तर कलम ३ च्या परंतुकानुसार (कलमाला जोडलेल्या अपवादानुसार) तुमच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी वेपन नेऊ शकते; पत्रात मेक, बोअर, नंबर, नेणाऱ्याचं नाव, कुठून कुठे आणि तारीख हे सगळं हवं, सोबत लायसन. गोळ्या घरीच ठेवा. पावतीवर नंबर, लायसनचा यूआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक) आणि 'दोन स्प्रिंगा नाहीत, बाकी भाग सुटे मिळाले' ही नोंद करून घ्या. यादी तिथेच दोघांनी मोजून सही करा.

तारीख जवळ आलीय म्हणून नूतनीकरणाचा अर्ज थांबवू नका, वेळेत भरा. वेपन हजर करण्याच्या दिवशी दुरुस्तीत असेल तर डीलरची पावती जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मुदत मागा. लायसनची मुदतच संपली, तर कलम २१ प्रमाणे वेपन विनाविलंब ठाण्यात किंवा डीलरकडे जमा असायला हवं. तुमचं तोपर्यंत डीलरकडेच असेल, म्हणून तीही अडचण सुटते.

ट्रिगर जड आहे, ही तक्रार डीलरला सांगा, पण काम मागताना कागदावर 'मूळ कंपनीच्या स्थितीत आणणे' एवढंच लिहा. उद्या स्वसंरक्षणात गोळी झाडायची वेळ आली, तर वेपन मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत जाऊ शकतं, आणि हलका केलेला ट्रिगर तिथे लपत नाही. बिलावर बदललेल्या भागांची नावं आणि दुरुस्तीनंतर तपासणी केल्याची नोंद मागून घ्या, आणि ते बिल लायसनच्या पुस्तकातच ठेवा.