दीड वाजता जेवायला कोण थांबतं

"मॅडम, या वयात माझे आईबाबा वेगळे तर होणार नाहीत ना?" मी नाशिकमध्ये समुपदेशक आहे, होळीच्या आधी एका मुलीने पुण्याहून फोन करून मला विचारलं, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. नवरा रिटायर झाला, बायको रिटायर झाली, आता दोघं निवांत राहतील असं सगळ्यांना वाटत असतं, आणि वर्षभरात घरात रोज खटके उडायला लागतात, मग मुलं घाबरतात. म्हणून तिच्या आईबाबांची ही केस लिहितेय. दोघांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, नावं देत नाही, काका आणि काकू म्हणते.

काका नाशिकला, सातपूरच्या एका कंपनीत ३४ वर्षं शिफ्टमध्ये होते, रिटायर होऊन साधारण वर्ष झालेलं. काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्या त्यांच्याआधी दोन वर्षं घरी बसल्या, म्हणजे बसल्या कुठे, तिथूनच तर सगळं सुरू झालं. इंदिरानगरला घर, वर गच्ची, गच्चीवर काकांची बाग. आणि काकू झाडांच्या मागे, पण बाहेरच्या. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी साधुग्राम, म्हणजे साधूंच्या राहण्याची जागा करायची म्हणून तपोवनातली झाडं तोडायचा विषय २०२५ च्या शेवटी निघाला, अठराशेच्या आसपास झाडांचा आकडा होता, तेव्हा नाशिककर किती मोठ्या संख्येने उतरले ते सगळ्यांना आठवत असेल. काकू तेव्हा पहिल्यांदा अशा गर्दीत गेल्या आणि परत आल्याच नाहीत असं काका म्हणायचे. मग तो ग्रुप पुढेही टिकला. कुठे झाडावर तोडण्याची नोटीस चिकटवलेली दिसली की मुदतीत लेखी हरकत द्यायची, आणि पावसाळ्यात लावलेली रोपं उन्हाळ्यात मरतात म्हणून मार्चपासून कॅन भरभरून पाणी घालायचं. कारण लावण्याचे फोटो सगळे काढतात, पण रोपाचं जगणं ठरतं ते पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत, आणि तेव्हा तिथे कोणी नसतं. हे मला काकूंनी सांगितलं आणि सांगताना त्यांचा चेहरा जो उजळला ना, तो मी नोंदवून ठेवला.

पहिल्या भेटीत काका बोलले ते सगळं जेवणावर. "ही सकाळी सातला जाते, दहाला येते म्हणते आणि येते अडीचला, मी उपाशी बसून राहतो." काकू म्हणाल्या, "मी रोज सांगते जेवून घ्या, पोळ्या केलेल्या असतात, भाजी असते." काका म्हणाले, "एकट्याने जेवायला मी काय हॉटेलात राहतो का?" मग काकू गप्प, मग काका गप्प, मग दोघांनी मिळून मुलीचा विषय काढला. बऱ्याच जोडप्यांचं असं होतं, आपसातलं बोलणं अडलं की मुलांवर येतात.

आता इथे माझी चूक सांगते. मी त्यांना वेळापत्रक करून दिलं, छान कागदावर. सकाळी सहा ते सात दोघांनी बागेत, मंगळवार-शुक्रवार काकूंचं काम, बाकीचे दिवस साडेबाराला घरी. आठ दिवसात ते कोसळलं, कारण काका त्या कागदावर टिक करायला लागले. म्हणजे बाई ३० वर्षं मुलांची हजेरी घेऊन आली आणि आता घरात तिची हजेरी. काकूंना ते असह्य झालं आणि बरोबरच होतं. मी दुखण्याला हात न लावता वरून पट्टी बांधली होती.

दुसऱ्या भेटीत मी काकांना अगदी साधं विचारलं, "काका, थांबा असं तुम्हाला कोणी सांगितलंय?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणी नाही."

तेव्हा काकू बोलायला लागल्या, माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघून. "ह्यांची सेकंड शिफ्ट असायची तेव्हा घरी यायला रात्रीचे बारा वाजायचे. सकाळी सातला माझी शाळा, तरी मी जागी, पोळी गरम करून द्यायची म्हणून. मुलगी लहान. कितीतरी वेळा टेबलावर डोकं ठेवून झोपायचे. तेव्हा कोणी समुपदेशकाकडे नेलं नाही."

काका म्हणाले, "अगं, मी तुला थांब म्हटलं नव्हतं कधी."

काकू म्हणाल्या, "तेच तर."

मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, कारण दोघांनी एकमेकांचंच वाक्य म्हटलं होतं. न मागता थांबणं हे प्रेमच असतं, मी त्याला खोटं म्हणणार नाही, पण त्याची मनात वही लिहिली जाते, आणि समोरच्याला माहीतच नसतं की आपल्या नावावर उधारी चढतेय. ३४ वर्षं ती वही काकूंकडे होती, रिटायरमेंटनंतर ती काकांकडे आली, आणि काकांना वाटलं हा अन्याय आपल्यावरच पहिल्यांदा होतोय.

अमेरिकेत रॉबर्ट ॲचले नावाचे अभ्यासक होते, त्यांनी १९७६ मध्ये निवृत्तीचे टप्पे मांडले, त्यात आधी हनिमूनसारखा काळ येतो आणि मग भ्रमनिरास, त्यानंतर माणूस नव्याने घडी बसवतो. सगळ्यांचं क्रमाने तसंच होतं असं नाही, पण मला ते जोडप्यांच्या बाबतीत फार उपयोगी पडतं, कारण दोघं एकाच वेळी एकाच टप्प्यावर नसतात. काकूंची घडी बसली होती. काकांचा हनिमून, म्हणजे गच्ची, नर्सरीच्या चकरा, कुंड्या, नुकताच संपला होता. आणि कंपनीत भोंगा वाजला की डबा उघडायचा, समोर सहा जण, असं ज्याचं आयुष्य गेलं त्याला घरातली दुपारची शांतता खायला उठते. बाग सकाळी नऊला संपते, पुढे उन्हात झाडांजवळ जाताच येत नाही. मग साडेनऊ ते अडीच तो माणूस फक्त वाट बघतो. काकांची अडचण काकूंच्या आंदोलनाची नव्हतीच, ते रिकाम्या पाच तासांचं दुखणं होतं.

अजून एक गोष्ट, आणि ही ज्यांच्या घरी डायबेटिस आहे त्यांनी नीट वाचा. काकांना शुगरची गोळी होती, ग्लिमेपिराइड. ही गोळी घेतली आणि जेवण लांबलं तर शुगर खाली जाऊ शकते, ७० च्या खाली गेली की कमी समजतात, घाम येतो, हात थरथरतात, धडधडतं, आणि माणूस चिडचिडा होतो. मी विचारलं की काका भांडणाच्या आधी घाम येतो का, तर म्हणाले उन्हाळा आहे, येणारच. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मी काही सल्ला दिला नाही, फक्त त्याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे जायला लावलं आणि घाम आला की तिथल्या तिथे ग्लुकोमीटरवर बघायला सांगितलं. एका दुपारी दोन वाजता रीडिंग ६४ आलं. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, मग जेवण, हे डॉक्टरांनी त्यांना शिकवलं, गोळीचंही त्यांनी बघितलं. म्हणजे अडीच वाजता दार उघडल्या उघडल्या जे भांडण व्हायचं त्यातलं थोडं तरी मनाचं नव्हतं, शरीराचं होतं. काकूंना हे कळलं तेव्हा त्या रडल्या. मला वाईट वाटलं, पण त्यांना हेही सांगितलं की याचा दोष तुमच्याकडे घेऊ नका, कारण पोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या.

मग ठरलं ते एवढंच. काकूंनी जाताना येण्याची वेळ खरी सांगायची, म्हणजे दहा म्हणून अडीच नाही, दोन वाटत असेल तर दोनच म्हणायचं, कारण त्या अपराधी वाटून लवकरची वेळ सांगायच्या आणि तिथेच घोळ व्हायचा. आणि काकांनी एक वाजता जेवायचं, कोणी असो नसो. काकांना हे दुसरं फार जड गेलं. पहिले चार दिवस ते म्हणाले घास उतरत नाही. मी म्हटलं मग कोणाबरोबर जेवा, तर त्यांनी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका एकट्या राहणाऱ्या मित्राला बोलावलं, तोही कंपनीतलाच, आणि दोघं कुकरला वरणभात लावायला लागले. मी हे सुचवलं नव्हतं, तेव्हा श्रेय माझं नाही.

एकत्र वेळाचं काय, तर तो त्यांच्याकडे होताच, दिसत नव्हता. काकांचा मोगरा. जानेवारीत छाटलेला, चैत्रात असा भरला होता की काका रोज मला आकडा सांगायचे, आज ८० कळ्या, आज ११०. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ही कीड आली त्याचं दुःख, कुंड्यांवर पालापाचोळ्याचं आच्छादन केल्याने पाणी कसं कमी लागतं त्याचा आनंद, हे सगळं ते मला सांगत होते, काकूंना नाही. काकूंची तक्रार होती की हे सकाळी बागेत बोलावतात तेव्हाच माझी निघायची घाई असते. मी म्हटलं, मोगरा सकाळी कुठे उमलतो, कळ्या तर संध्याकाळी तोडतात ना? मग सहाला गच्चीवर, काका कळ्या काढणार, काकू गजरा करणार, त्या दिवशीचं जे काही असेल ते तिथे. नोटीस, हरकत, टँकर, पिठ्या ढेकूण, सगळं. काका अजूनही मोर्चाला जात नाहीत आणि त्यांनी जावं असं मला वाटत नाही. प्रत्येक जोडप्याने एकाच छंदाला लागलं पाहिजे ही आपल्याकडची फार त्रास देणारी कल्पना आहे.

मुलीशी वेगळं बोलावं लागलं. तिची भीती दोन पदरी होती. एक, आईवर केस झाली तर. दुसरी तिला स्वतःलाच उशिरा दिसली, मे महिन्याच्या सुट्टीत नातू नाशिकला येणार आणि आजी घरात नसली तर त्याला बघणार कोण. मी तिला रागावले नाही, नोकरी करणाऱ्या आईची ती खरीच अडचण आहे. पण आजीला आधी विचारायचं असतं, गृहीत धरायचं नसतं. पहिल्या भीतीवर काकूंनीच तिला फोनवर उत्तर दिलं, मी समोर होते. "अगं, तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की २ मार्च १९३० ला याच गावात काळारामाच्या दारात बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, हजारो माणसं उन्हात उभी राहिली. शिकवलं आणि घरी येऊन भाकऱ्या केल्या. आता मी एका झाडाखाली दोन तास उभी राहते, शांतपणे, टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन, तर तू घाबरतेस?" मुलगी हसली. अकरा ते चार उन्हात थांबायचं नाही हे मात्र तिने आईकडून कबूल करून घेतलं आणि ते योग्यच होतं, चाळीशीला टेकलेल्या पाऱ्यात साठीची बाई. नातू आता पंधरा दिवस येणार आहे, महिनाभर नाही, आणि दोन सकाळी तो आजीबरोबर कॅन घेऊन जाणार आहे.

नाशिकच्या रामरथाच्या मिरवणुकीच्या दिवशी, म्हणजे रामनवमीनंतरच्या एकादशीला, काकूंचा मला फोन आला, आवाज जरा पडलेला. त्या दिवशी पंचवटीतल्या गर्दीत अडकून त्यांना यायला तीन वाजले. दार उघडलं तर काका आत झोपलेले, त्यांचं ताट घासून पालथं घातलेलं. "मॅडम, मीच सांगितलं होतं थांबू नका, आणि खरंच थांबले नाहीत तर मला कसंतरीच झालं हो."

मी विचारलं, मग काय केलंत?

म्हणाल्या, हात धुतले, ओट्यावर बघितलं तर ह्यांनी माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं, उपासाचं, भगर, आमटी, बाजूला वाटीत कैरीची चटणी, मीठ जास्त झालेलं. "बसले आणि जेवले."