वजनाच्या व्यायामाच्या सेटनंतर नाडी किती वेगाने उतरते, ते कोणत्या सूत्रात बसवावं?

घातांकी घटीचं सूत्र वापरा, पण त्यातला 'तळ' (नाडी उतरून जिथे स्थिरावते ती पातळी) तुमच्या विश्रांतीच्या नाडीला बांधू नका, तो नोंदींवरूनच निघू द्या. मांडणी अशी: त्या क्षणाची नाडी = तळ + (शिखर − तळ) × 'ई'चा घात (−वेळ ÷ टाऊ). इथे 'ई' म्हणजे सुमारे २.७१८ हा स्थिरांक आणि टाऊ म्हणजे नाडी व तळ यांतलं अंतर सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. शिखर १५०, तळ ९० आणि टाऊ ६० सेकंद धरला, तर एका मिनिटानंतर नाडी साधारण ११२ येते, दोन मिनिटांनंतर ९८. तळ मोकळा सोडायचा कारण सेट संपताच व्हेगस मज्जातंतू (हृदयाची गती कमी करणारा) पुन्हा जोर धरतो आणि सुरुवातीची मोठी घसरण मुख्यतः त्याच्यामुळे होते. सिंपथेटिक उत्तेजना (हृदयाची गती वाढवणाऱ्या मज्जातंतूंची) आणि रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन ओसरायला मात्र बराच जास्त वेळ लागतो. म्हणून एरवी ६५ असणारी नाडी दोन सेटच्या मधे ९०च्या आसपास रेंगाळते. शेवटच्या सेटनंतर दहा-पंधरा मिनिटांची सलग नोंद असेल तर एक जलद आणि एक संथ, अशा दोन घटींची बेरीज बसवून बघा. दोन मिनिटांच्या विश्रांतीवरून संथ टाऊ काढू नका. आकडा मिळेल, पण त्यावर विसंबता येणार नाही.

एक काळजी घ्या: जड वजनाला श्वास रोखला असेल तर वजन खाली ठेवल्यावरही नाडी काही सेकंद चढू शकते. वेळेचा शून्य वजन ठेवल्यापासून न धरता खऱ्या शिखरापासून धरा, आणि जमल्यास मनगटी घड्याळाऐवजी छातीचा पट्टा वापरा. मूठ आवळली की घड्याळाचे आकडे बिघडतात.