आंबा आटोपला की मारा!

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, मे महिन्याच्या सुट्टीत सगळे मिळून केनियाला सफारीला जाऊ, एजंट दरही कमी देतोय. मला मे महिन्यात बाग सोडता येत नाही आणि आंबा संपल्यावर जावं तर पावसाळा. मग जावं कधी? सोबत आई आहे, वय 71.
– एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : बाग अजिबात सोडू नका. मे महिन्यातला दर उगाच कमी नाही. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. आपला जांभा पाणी पिऊन मोकळा होतो, केनियातल्या मसाई मारा अभयारण्याची काळी चिकण माती मात्र ओली झाली की चाक सोडत नाही. गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि पाणी जागोजाग साचल्यामुळे जनावरं पांगलेली असतात. सिंह दहा हातांवर बसलेला असला तरी तुम्हाला दिसायची ती शेपटीच.

आता तुमचा पावसाळा. तो इथला, तिथला नव्हे. जून ते ऑक्टोबर तिकडे कोरडा हंगाम. दक्षिण गोलार्धातले वारे केनियाच्या किनाऱ्यालगत वर सरकतात, सोमालियाच्या अंगाने वळतात आणि अरबी समुद्राचं बाष्प उचलून आपल्याकडे येतात. म्हणजे देवगडात पागोळ्या लागतात त्याच दिवसांत माराचं गवत वाळायला लागतं. तेव्हा लावणी उरकली की निघा आणि गणपतीला घरी या. जुलैअखेर ते ऑगस्ट हा काळ तुमच्यासाठीच ठेवल्यासारखा आहे. 2026मध्ये तर अधिक ज्येष्ठामुळे गणपती थेट 14 सप्टेंबरला येतात, अख्खा ऑगस्ट मोकळा. नातवंडांची शाळा बुडेल. बुडू दे.

याच काळात विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप टांझानियातल्या सेरेंगेटीतून उत्तरेला येतात आणि मारा नदी ओलांडतात. ते बघायचं म्हणून लोक जातात, पण त्याला वेळापत्रक नसतं. कळप काठावर येतो, धूळ उडते, पुढचे पाण्यापर्यंत उतरतात, वास घेतात आणि कशाला तरी बिचकून सगळे माघारी पळतात. असं दुपारपर्यंत चालू शकतं. मग एखादा झेब्रा पाण्यात शिरतो आणि मागून हजारोंची रांग सुटते. खाली मगरी असतातच. त्या दिवशी नाहीच ओलांडली नदी, तर ड्रायव्हरवर चिडू नका. तिथे गाऱ्हाणं घालूनही उपयोग नाही. उपाय एकच : रोज हॉटेल बदलणारी सहल घेऊ नका. माराच्या एकाच कॅम्पवर निदान चार रात्री राहा. नैवाशा, अंबोसेली वगैरे केनियातली इतर ठिकाणं एजंट भरेल, त्यातलं एक ठेवा, बाकीचं कापा.

खर्चाचं सांगून ठेवते. 2024पासून मसाई माराचं प्रवेशशुल्क परदेशी पाहुण्यांना जानेवारी ते जूनमध्ये माणशी दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये 200 डॉलर आहे. एजंटच्या दरात ते धरलंय का, हे लेखी घ्या. ‘मग जूनअखेरीस जाऊ, निम्म्यात होईल’ असा हिशेब तुमचा मुलगा नक्की मांडेल. पण तेव्हा मोठे कळप बहुधा सेरेंगेटीतच असतात. सिंह, हत्ती, बिबळ्या एवढ्यावर समाधान असेल, तर मात्र त्याचं बरोबर आहे.

मला विचाराल तर मी फेब्रुवारी निवडीन. सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्डुटूच्या माळावर तेव्हा विल्डबीस्टची वीण असते. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, बुटकं कसदार गवत. पिल्लू जमिनीवर पडतं, लटपटतं, दोनदा तोंडघशी जातं आणि काही मिनिटांत नाळ लोंबकळत असतानाच आईच्या मागे धावतं. जवळपास तरस आणि चित्ते टपलेले असतात. पण फेब्रुवारीत तुम्ही फुलकिड्यांमागे पंप घेऊन फिरत असणार, तेव्हा राहू दे.

आईंना न्यायला हरकत नाही. मात्र खडबडीत रस्त्यावर पाच-सहा तास गाडीत बसणं पाठीला झेपत नाही. नैरोबीहून माराला छोट्या विमानाने न्या. त्यात सामान साधारण 15 किलोच चालतं आणि तेही मऊ पिशवीत, कडक सूटकेस नको. स्वेटर, कानटोपी घ्याच. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे. पहाटे उघड्या जीपमध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाचे दात वाजतात. गडद निळे-काळे कपडे टाळा, त्से-त्से माशी त्या रंगांवर येते.

पिवळ्या तापाची लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ती सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लागू व्हायला 10 दिवस जातात. ते नसेल तर परतताना मुंबई विमानतळावर विलगीकरणात बसावं लागू शकतं. साठीपुढच्यांना ही लस सरसकट देत नाहीत, म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी आईंना डॉक्टरांकडे नेऊन आणा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. लस घेतल्यावर प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेतलं नाव आणि पासपोर्ट नंबर केंद्रातून बाहेर पडण्याआधीच ताडून बघा.