‘सगळेच करतात, मग आपणच का मागे राहायचे?’

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला, की बेळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक प्रवेशाच्या गैरमार्गांबद्दल हा प्रश्न हमखास विचारतात. 2024 च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत 1563 विद्यार्थ्यांचे वाढीव गुण रद्द करावे लागले आणि हजारीबाग व पाटण्यात पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. तेव्हापासून या प्रश्नाची धार वाढली आहे. उत्तरादाखल एका कुटुंबाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी खानापूर तालुक्यातली. गावची मराठी शाळा सातवीपर्यंतच असल्याने पुढची तीन वर्षे ती रोज बसने बेळगावच्या शाळेत आली. कर्नाटकच्या सीईटीत ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी 15 टक्के जागा असतात. मात्र पहिली ते दहावी ही सर्व 10 वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. कन्नड माध्यमाच्या 5 टक्के जागांचा तर मराठी शाळेतल्या मुलीला उपयोगच नाही. स्वप्न होते बेंगळुरूच्या आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयातील कॉम्प्युटर सायन्सचे. वडिलांनी ओळखीतून ती शेजारच्या गावच्या हायस्कूलमध्ये शिकल्याचे खोटे स्टडी सर्टिफिकेट मिळवले होते, बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही तेवढी बाकी होती. त्या दिवसापासून मुलीची झोप उडाली आणि ताटावर बसले की तिला मळमळू लागले. घरच्यांनी ते निकालाच्या टेन्शनवर ढकलले.

“मॅडम, पोरगी गावात जन्मली, गावात वाढली. ती ग्रामीण नाही तर कोण? भाषेपायी आधीच आमच्या वाट्याचं गेलंय,” वडील म्हणाले.

“नियम तुमच्या मुलीवर अन्याय करतो, हे मला पटते,” मी म्हणाले. ते उपदेश ऐकण्याच्या तयारीने आले होते. हे ऐकून थोडे सैलावले. मग मी विचारले, “पण ही जागा तुम्ही घेणार कोणाकडून?”

“सरकारकडून.”

इतका वेळ ओढणीचे टोक पिळत बसलेली मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली. “नाही बाबा. सातवीपर्यंत माझ्याशेजारी बसायची ती त्याच हायस्कूलला चालत जायची. बसपासला पैसे नव्हते तिच्याकडे. तिनेपण सीईटी दिलीय. त्या कागदावर मी तिच्या वर्गात होते असं लिहिलंय.”

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना मी तोवर जे समजावू पाहत होते, ते मुलीने चार वाक्यांत सांगितले होते, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला असे प्रसंग फार थोडे लाभले आहेत, असे म्हणताना समाधान लपवत नाही.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. माणूस दुःखी होतो तो केवळ अन्यायाने नव्हे, तर ‘माझ्यावर अन्याय होताच कामा नये’ या हट्टाने, अशी माझी धारणा आहे. या कुटुंबाने मला त्यापुढचे दाखवले: हा हट्ट माणसाला परवाना देतो. मला लुबाडले गेले, म्हणून मी घेतले तर ती चोरी नव्हे, असे त्याला मनापासून वाटू लागते. आणि ज्याच्याकडून घेतले जाते तो डोनेशनवाला धनिक क्वचितच असतो; बहुधा तो रांगेत आपल्याच मागे उभा असलेला असतो.

म्हणून पालकांना मी तक्रार आणि वर्तन ही दोन खाती वेगळी ठेवायला सांगते. नियम चुकीचा वाटत असेल, तर सीईटी घेणाऱ्या परीक्षा प्राधिकरणाकडे लेखी निवेदन द्या, लोकप्रतिनिधींना गाठा. दुसरीकडे, हक्काचे मार्ग पुरते धुंडाळा. खासगी महाविद्यालयांसाठीची कॉमेड-के ही प्रवेश परीक्षा आहेच, शिवाय महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तरतूद आहे, आणि ती माहीत नसलेली कितीतरी घरे मला खानापूर-निपाणीकडे भेटतात. तिचा लाभ घेताना संकोच करण्याचे कारण नाही; तिथे जे लिहून द्यायचे ते खरे असते. मुलांसमोर ‘सगळेच करतात’ हे वाक्य मात्र टाळा. त्यांना ते आपल्या कुवतीवरचा अविश्वास म्हणून ऐकू येते.

सर्टिफिकेट बीईओंकडे गेले नाही. मुलीला बेळगावातच इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला, आर. व्ही. हुकल्याचे तिला वाईट वाटते आणि ते वाटणारच. वडिलांना अजूनही तो नियम अन्यायाचाच वाटतो. त्याविरुद्धच्या निवेदनाचा मसुदा त्यांनी माझ्याकडे तपासायला पाठवला आहे.