दीड वर्षाच्या बाळाला अंगणातल्या झाडाची तुती देता येते का?

हो, बिनधास्त द्या, फक्त पूर्ण काळी झालेलीच. आमच्या दारात तुती आहे आणि दोन्ही मुलं तिच्याखालीच वाढली, त्यावरून सांगते. बोट लावताच हातात येते ती पिकली. ओढावी लागली तर राहू द्या. कच्च्या फळात पांढरा चीक असतो, त्याने पोट बिघडू शकतं. फळ मऊ असलं तरी बाळासाठी उभं चिरा. मधून गेलेला हिरवा देठ काढून टाका, घशात टोचतो तो तोच. पहिल्या दिवशी दोन-तीनच द्या.

- झाडावरून थेट तोंडात नको. फळांच्या खाचांत मुंग्या लपतात आणि पक्ष्यांची शिटही असते, म्हणून वाहत्या पाण्याखाली धुवा.
- अंगात जुनंच झबलं घाला. डाग निघत नाही, मी सगळं करून पाहिलंय.
- दुसऱ्या दिवशी शी काळपट दिसली तर घाबरू नका, तो तुतीचाच रंग.

एक मात्र सांभाळा. ‘काळं झालं की खायचं’ हे मुलं फार पटकन शिकतात. कुंपणाला घाणेरी (टणटणी) असेल तर तिचीही बारकी फळं पिकून काळीच होतात आणि शेजारीच हिरवी, विषारी फळं लगडलेली असतात. दीड वर्षाच्या बाळाला त्यातला फरक समजावता येत नाही, त्यामुळे हात पोचेल तेवढी घाणेरी आधी छाटूनच टाका.